तळघरातली खरखर

दाराची घंटा वाजली तेव्हा मारितच्या हातात पेटलेली ट्यूबलाइट होती. तिला ना वायर, ना पट्टी. नुसती नळी हातात धरलेली आणि तरी लख्ख उजेड. तळघरातल्या टेबलावर काचेचा प्लाझ्मा गोळा चालू होता, आत जांभळे दोरे वळवळत होते, आणि गोळ्याच्या जवळ नेली की नळी आपोआप कशी पेटते ते पोरांना दाखवायची तालीम चालली होती. आठवडाभर मारित दातांच्या डॉक्टरांकडे फोन उचलायची आणि शनिवार-रविवार सरोवराकाठच्या अमेरिकेतल्या दुलूथ गावातल्या वाचनालयांत नाहीतर कुणाच्या वाढदिवसाला विजेचे खेळ करायची. तालमीला वेळ काय तो संध्याकाळचाच.

ती जिना चढून वर येईपर्यंत नळी विझली होती. दार उघडलं तर बाहेर सरोवरावरून आलेलं धुकं, पावसाची भुरभुर, आणि पायरीवर एक उंच माणूस. कानांवर हेडफोन. हातात लाकडाची फुली आणि तिच्याभोवती गुंडाळलेली तार, कागद फाटलेल्या पतंगासारखी. तो ती फुली हळूहळू फिरवत होता आणि मारितकडे बघायच्या आधी तिच्या तळघराच्या खिडकीकडे बघत होता.

"तुमच्याकडे... काहीतरी खरखरतंय," तो म्हणाला.

"माझा खोकला कधीच बरा झाला," मारित म्हणाली.

तो हसला नाही. हेडफोन काढून त्याने तिच्या कानाला लावला आणि तिला ऐकू आला एक भयंकर आवाज, तव्यावर कुणी सतत पाणी शिंपडावं तसा. त्याचं नाव ईरो लेहतो, गल्लीच्या वरच्या टोकाला राहायचा, बंदरात जहाजांचे रेडिओ दुरुस्त करायचा आणि घरी आल्यावर पुन्हा रेडिओच घेऊन बसायचा. अशा लोकांना हौशी रेडिओवाले म्हणतात आणि त्यांचा एक रिवाज असतो. कानात खरखर आली की ते कुणाकडे तक्रार करत बसत नाहीत, असं फुलीवरचं तारेचं वेटोळं घेऊन स्वतः बाहेर पडतात, ते फिरवून खरखर कुठून येते ते हुडकतात आणि त्या घराची घंटा वाजवतात. ईरोचा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या माशांच्या टाकीवर संशय घेऊन झाला होता, एकांच्या घरातल्या घरात चालायच्या यंत्रावर घेऊन झाला होता. आता मारितची पाळी होती.

तिने त्याला खाली नेलं आणि गोळा बंद केला. ईरोच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मारितला उगाच अपराधी वाटलं आणि त्याचा रागही आला.

"संध्याकाळी सहाला बंद ठेवाल का? तासभर फक्त."

"मी घरी येते साडेपाचला. मग मी करू कधी? दात उपटताना?"

तेव्हा त्याने कारण सांगितलं. मिशिगनच्या वरच्या टोकाला, हॅनकॉकला, त्याचे आजोबा राहत. त्यांना तो पप्पा म्हणायचा, फिनिश घरांतून आजोबांना तसंच म्हणतात. पप्पांचे कान पार गेले होते. पण जन्मभर त्यांनी रेडिओवर मोर्सची, म्हणजे छोट्या-लांब ठोक्यांच्या लिपीची, कडकट्ट केलेली. अजूनही ते स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवून बसत आणि बोटाने ऐकत. रोज तिकडचे सात, इकडचे सहा वाजले की आजोबा-नातवाच्या गप्पा सुरू. फोनवर लिहून का पाठवत नाही, असं मारितने विचारलंच. पाठवतो, तो म्हणाला, पण त्यावर ते 'ठीक' एवढंच लिहितात. गप्पा मारतात त्या रेडिओवरच.

मारितने सहा ते सात गोळा बंद ठेवायचं कबूल केलं. पण तिच्या हातून तो तास गेला याची रुखरुख ईरोलाच जास्त लागली असावी, कारण दुसऱ्या दिवशी तो कोंबड्यांची जाळी घेऊन हजर झाला. गोळ्याभोवती जाळीचा पिंजरा केला, तो जमिनीत गाडलेल्या नळाला जोडला, की खरखर आतच कोंडली जाते, असं त्याचं म्हणणं. कोंडली गेलीही. पण पिंजऱ्यातल्या गोळ्याला हात लावता येईना, आणि हात न लावता प्लाझ्मा गोळ्याची मजा ती काय?

"पोरांना काय सांगू? हा चावतो म्हणून?" मारित म्हणाली, आणि ईरो पहिल्यांदा हसला. हसला की त्याचा एक डोळा दुसऱ्याच्या आधी मिटायचा. हे तिच्या लक्षात आलं आणि लक्षात आलं याचीच तिला गंमत वाटली.

मग रोजचंच झालं. सातला त्याच्या गप्पा आटोपल्या की तो छोटा रेडिओ घेऊन यायचा. ती एकेक वस्तू बदलायची, तो कान लावून सांगायचा, कमी झाली, नाही झाली. मधेच ती त्याला खेळ दाखवायची. गोळ्यावर नाणं ठेवून त्याला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा तर डावा हात आधी खिशात, म्हणजे विजेला छातीतून जायला वाट नको, असं ती त्याला बजावायची. तो बंदरावर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, हा नियम त्याला शाळेपासून पाठ. तरी तो मुकाट्याने हात खिशात घालायचा आणि "हो मॅडम" म्हणायचा.

एकदा तिने गोळ्यावर पंजा ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या बोटाजवळ नेलं. अगदी जवळ... टचकन ठिणगी उडाली. दोघांनीही हात झटकले.

"तुझे बूट ओले आहेत," मारित घाईघाईने म्हणाली. "खाली सिमेंट आहे. म्हणून उडाली ठिणगी."

"म्हणूनच," ईरो म्हणाला.

पण दोघं बराच वेळ आपापली बोटं चोळत उभी होती. मारितला तो आवडायला लागला होता. त्या रात्री अंथरुणावर तिने ते स्वतःशी सरळ म्हणूनही टाकलं, आणि आता याला सांगायचं कसं, या विचारात झोप उडाली.

आणि नेमकी तेव्हाच खरखर गेली. दोष निम्म्याहून जास्त गोळ्याच्या स्वस्तातल्या अडॅप्टरचा निघाला. ईरोने चांगला अडॅप्टर आणला, वायर एका काळ्या चुंबकी कड्यातून गुंडाळून घेतली, आणि रेडिओ साफ झाला. आता गोळा सहाला चालू ठेवला तरी चालणार होता. ईरोने हात मिळवला, "मग... झालं," म्हणाला, दारात थोडा घोटाळला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं ना! मारितचं तालमीत लक्ष लागेना. रस्त्यावर पाऊल वाजलं की खिडकीशी, असं सुरू झालं. जाऊन घंटा वाजवावी, तर काय सांगून वाजवायची? शुक्रवारी सहाच्या सुमारास तिने खणातून तो जुना स्वस्तातला अडॅप्टर काढला, कडं सोडवलं, आणि गोळा लावून दिला. येईल आता वेटोळं घेऊन, पाच मिनिटांत. तिने केस नीट केले. कॉफी टाकली.

सात वाजले, कॉफी आटली, कुणी आलं नाही.

शनिवारी सकाळी मारितने घरी केलेला रूबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा एका बरणीत भरला आणि टेकडी चढून त्याच्या घरी गेली. ईरो गाडीत रिकामी खोकी भरत होता. डोळे तारवटलेले. हॅनकॉकला निघालोय, त्याने सांगितलं. पप्पांना वृद्धाश्रमात हलवायचं, तिथे अँटेना लावू देत नाहीत. रेडिओ काल संध्याकाळपर्यंत लावून ठेवायला सांगितला होता, शेवटच्या गप्पा म्हणून. नंतर त्यांचे शेजारी येऊन सगळं सोडवून ठेवणार होते.

"आणि काल खरखर," तो म्हणाला. "एक अक्षर कळू दिलं नाही. ते तिकडून काहीतरी पाठवत राहिले, पुन्हा पुन्हा तेच काहीतरी. मी वेटोळं घेऊन बाहेर पडलो. आणि वेटोळं कुठे बोट दाखवतंय, तर तुझ्या घराकडे. म्हटलं, तिथलं तर आपण बरं केलंय, हे वेटोळंच बिघडलं. मग खालच्या गल्ल्या धुंडाळत बसलो."

गप्प राहणं अगदी सोपं होतं. तो तिच्यावर संशय घेणार नव्हता, काल समोर पुरावा असूनही घेतला नव्हता. आणि तेच तिला सहन होईना.

"वेटोळं बिघडलं नव्हतं," ती म्हणाली. "मी जुना अडॅप्टर लावला होता... मुद्दाम. तू यावास म्हणून. शेवटचा दिवस होता हे मला माहीत नव्हतं, ईरो."

ईरोने हातातलं खोकं खाली ठेवलं. बरणीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मग सरोवराकडे तोंड वळवलं. मारित परत फिरली.

"पप्पांना सांगावं लागेल," तो मागून म्हणाला. "तूच सांग."

"मला मोर्स येत नाही."

"चार तासांचा रस्ता आहे. शिकशील."

तो गाडी चालवत होता आणि ती समोरच्या डॅशबोर्डवर बोटाने टकटक करत होती. टिचकी म्हणजे छोटं, बोट दाबून धरलं की लांब. चुकलं की तो रस्त्यावरची नजर न काढता "पुन्हा" म्हणायचा. विस्कॉन्सिनची जंगलं मागे पडली, मिशिगन लागलं, मारितचं बोट दुखायला लागलं.

"रागावलायस?" तिने शेवटी विचारलं.

"हो. पुढचं अक्षर."

पप्पांच्या घरात खोक्यांशिवाय काही उरलं नव्हतं. खिडकीबाहेर भूर्जाच्या दोन झाडांमधली अँटेनाची तारही गुंडाळून ठेवलेली. पप्पा एका खोक्यावर बसले होते, हाडकुळे, ताठ. कॉफीचे दोन कप आणि वेलदोड्याचा पाव तेवढा बाहेर होता. ईरोने त्यांच्या तळहातावर काहीतरी ठोकलं आणि मारितला पुढे केलं.

तिने त्यांचा हात हातात घेतला. पहिलंच अक्षर दोनदा चुकलं. खरखर मी केली, ती सावकाश जुळवत गेली. ईरो यावा म्हणून. मला माफ करा. म्हातारबांनी डोळे मिटून सगळं बोटापासून मनगटापर्यंत ऐकून घेतलं. मग डोळे उघडले, आणि बहिरी माणसं बोलतात तसे घर हादरेल एवढ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे हीच का ती विजेच्या गोळ्यावाली?"

ईरोचे कान लाल झाले.

"महिनाभर दुसरा विषय नाही याला," पप्पा मारितला ओरडून सांगायला लागले. "आज ती असं म्हणाली, आज तिने तसं केलं, आज ठिणगी उडाली. काल मी तासभर एकच विचारत होतो, तिला सांगितलंस का? अरे, सांगितलंस का? काही उत्तर नाही. मला वाटलं, नाही म्हणाली बिचाऱ्याला. झोप नाही आली मला."

मारितला खाली बघावं की वर, कळेना. म्हणजे काल तिने जे बुडवलं ते हे होतं. तिने ईरोकडे बघितलं. तो आजोबांसमोर गुडघ्यांवर बसला, त्यांचा तळहात उघडला आणि कालचं राहिलेलं उत्तर द्यायला लागला. टिचकी, टिचकी, लांब. एवढं सावकाश, की प्रत्येक अक्षराला श्वास घ्यावा.

"इतकं हळू कशाला?" पप्पा वैतागले. "मी काय आज शिकलोय?"

पण मारित आज शिकली होती. ती ओठ हलवत अक्षरं जुळवत होती. अजून सांगितलं नाही. भीती वाटली. मला ती फार आवडते. तिला विचारा, मी रोज आलो तर चालेल का. कारण नसताना.

मारित त्याच्या शेजारी फरशीवर बसली. त्याचा मोकळा हात तिने घेतला आणि त्यावर इंग्रजीतली तीनच अक्षरं ठोकली. त्यातलं एक साफ चुकलं. ईरो "पुन्हा" म्हणाला नाही. त्याने तिची बोटं मुठीत धरून ठेवली.

"काय म्हणाली?" पप्पांनी विचारलं. "अरे, मला सांगा कुणीतरी."

"हो म्हणाली, पप्पा," ईरो तोंडानेच म्हणाला, तळहाताची आठवणच राहिली नाही त्याला. "हो म्हणाली."

पप्पांना अर्थातच ऐकू गेलं नाही. पण नातवाच्या तोंडाकडे बघून ते उठले, आणि बांधून ठेवलेलं खोकं पुन्हा सोडून त्यातून तिसरा कप काढायला लागले.