सौ. आणि सौ

"आता पडदा शिवायचा कसा? मशीनच गायब आहे!" गंधाली ओरडतच कोठीतून बाहेर आली.

मे महिन्याची सुट्टी होती. रायपूरच्या समता कॉलोनीत, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तिघांचं नाटक बसत होतं. सातवीतली गंधाली, तिचा धाकटा भाऊ भार्गव आणि शेजारची निधी. पद्मिनीकाकूंनी याच हॉलमध्ये कित्येक वर्षं शिवणवर्ग चालवला होता. गुडघे दुखायला लागले आणि वर्ग बंद पडला, पण त्यांची पायमशीन कोठीतच होती. आज तिथे धुळीत नुसते मशीनच्या पायांचे ठसे उरले होते!

हॉल सांभाळणारे सुशीलभैया कूलरपुढे बसले होते.

"भैया, काकूंची मशीन कुठे आहे?"

"आतच असंन! सकाळी सफाई केली, पण काकूंची एक चीज मी हलवली नाही. मंडळाने ज्याच्यावर भाव लिहिला होता तेवढंच भंगारात दिलं. एक मशीन होती, पण तिच्यावर भाव होता ना!"

"मशीन पर भाव कौन लिखता है?" निधी पुटपुटली.

"किती भाव?" भार्गवने विचारलं.

"सौ."

भार्गव ताडकन उठला. "ताई! काकूंच्या मशीनच्या झाकणावर पिवळ्या रंगात काय लिहिलंय?"

"सौ...! अरे देवा!" गंधालीने कपाळावर हात मारला. "भैया, ते शंभर नव्हे, सौभाग्यवती! पत्रिकेवर बायकांच्या नावाआधी लिहितात ना, ते! पुढचं टिंब नाही दिसलं?"

"मले वाटलं, रंग सांडला!" भैयांचा चेहरा उतरला. "माल भनपुरीच्या गोदामात गेला. तिथून दुपारी ट्रक उरल्याच्या लोखंड कारखान्यात जाते. भट्टीत! थांबा, मी आधी अध्यक्षांना फोन लावतो..."

पण थांबतंय कोण! तिघांच्या सायकली केव्हाच फाटकाबाहेर पडल्या होत्या.

भनपुरीला पोहोचेपर्यंत उन्हाने तोंडं लाल झाली, धुळीने केस पांढरे झाले. गोदामात ट्रक सुरू झालेला! भंगाराच्या ढिगावर काकूंची मशीन आडवी पडली होती.

"तुम्ही मालकांकडे जा!" म्हणत भार्गवने सायकल थेट फाटकात आडवी घातली, खाली बसला आणि हळूच चेन उतरवली.

"ए, हटो!" ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"भैया, चेन उतर गई!" भार्गव रडवेल्या आवाजात म्हणाला. चेन काही केल्या बसेना!

इकडे गोदामवाले चाचा ऐकायला तयार नव्हते. "सौ लिखा था, सौ दिया. बात खतम!"

निधीने भिंतीवरच्या भावाच्या फळ्याकडे बोट दाखवलं. "चाचा, आपने लोहे का भाव कैसे लिखा है? अंकों में ना? और मशीन पर? अक्षर में! फिर बिंदी भी लगी है!"

"ये मराठी का सौ है चाचा," गंधाली म्हणाली. "मतलब सुहागन. श्रीमती जैसा."

चाचांनी फळा पाहिला, झाकण पाहिलं, डोकं खाजवलं. "याने मैंने सौ में किसी की घरवाली खरीद ली?" आणि ते पोट धरून हसले. "उतारो भई, उतारो!"

तेवढ्यात सुशीलभैया स्कूटरवर धापा टाकत पोहोचले. त्यांनी निमूटपणे शंभराची नोट परत केली.

संध्याकाळी ई-रिक्षातून मशीन काकूंच्या दारात उतरली. मंडळाचे अध्यक्ष बाबारावकाका हजर होतेच.

"शाबास पोट्टेहो! आम्ही मोठे डोळे मिटून सफाई करून राहिलो होतो. हिंदीतला सौ आला 'शत'पासून, आपला सौ. 'सौभाग्य'पासून. मुळात नातं नाही, चेहरा मात्र सारखा! आम्ही फसलो, तुम्ही ओळखलंत!"

काकू पिवळ्या अक्षरावरून बोट फिरवत होत्या. "लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ह्यांनी आणली. बायकोचं नाव लिहायला लाज वाटली, म्हणून नुसतं सौ. रंगवलं. हे गेले आणि पत्रिकांवर, बँकेत, सगळीकडे मी श्रीमती झाले. इथलं सौ. तेवढं कोणी खोडलं नाही."

मग निधीने हळूच विचारलं, "काकू, उन्होंने कभी आपका नाम नहीं लिया?"

"घेतलं ना! एकदाच." काकूंचे डोळे चमकले. "रायपूर स्टेशनवर, गर्दीत आमची चुकामूक झाली. असे ओरडले, 'पद्मिनीऽऽ!' अख्खा प्लॅटफॉर्म वळून पाहायला लागला!"

"मग?"

"मग काय! मी खांबाआडच उभी होते. पण लगेच ओ दिली नाही. म्हटलं, अजून एकदा ऐकू दे!"