परतीची तारीख सतरा

पासपोर्टांची चवड कोसळली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. विमान-तिकिटांच्या ऑफिसातल्या आपल्या खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लटकवून, एका हातात एकेचाळीस पासपोर्ट आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन ती आतल्या खोलीकडे निघाली होती. हा शुद्ध आळस. खरं तर दोन फेऱ्या मारायला हव्या होत्या. पंख्याचा वारा लागला की टेबलाचा कोपरा, कोण जाणे, चवड कलली आणि चाळीस पासपोर्ट फरशीभर पसरले. एकेचाळिसावा मात्र खाली पोचलाच नाही. काउंटरपलीकडून एक लांबलचक हात आला आणि त्यानं तो हवेतच झेलला.

"चाळीस गोल झाले, एक वाचला," हाताचा मालक म्हणाला. "आमच्या टीमच्या मानानं बरंच म्हणायचं."

तिनं वर पाहिलं. उंच, सावळा, नाक कधीतरी मोडून पुन्हा बसवलेलं. अंगाला कसल्याशा मलमाचा वास. आणि चेहऱ्यावर असं ओशाळं हसू, जणू चवड त्यानंच पाडली होती.

"सुट्टी आहे," ती म्हणाली. "पाटी दिसत नाही का?"

"दिसली ना. पण मी रांगेत आधीपासून होतो. पाटी नंतर आली."

रांगेत दुसरं कुणीच नव्हतं. तरी तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिला हसू आवरेना.

ते पासपोर्ट देशाच्या फुटबॉल संघाचे होते. चोवीस वर्षांनी संघ मोठ्या स्पर्धेत पोचला होता, तोही एका दुसऱ्या देशानं ऐन वेळी माघार घेतली म्हणून. पेपरवाले रोज त्यांची पिसं काढत होते. सुरुवातीला तीन सामने, त्यात निभाव लागला तर पुढे. निभाव लागेल असं कुणालाच वाटत नव्हतं. संघटनेच्या कारकुनानं तर तिकिटं काढतानाच फोनवर सांगून टाकलं होतं, "तिसरा सामना सोळाला. परतीची तारीख सतरा टाका. बदलता येणारं तिकीट वगैरे काही नको, उगाच कशाला?" सगळं ऑफिस हसलं होतं. तीही हसली होती.

"माझं परतीचं तिकीट खुलं ठेवता येईल का?" गुडघ्यांवर बसून पासपोर्ट गोळा करता करता त्यानं विचारलं.

"खुलं?"

"म्हणजे तारीख नको. हरलो की येऊ."

"तुम्ही खेळता?"

"मी तीन नंबरचा गोलकीपर आहे," तो म्हणाला. "म्हणजे खेळत नाही. पण टीमबरोबर असतो."

"सगळ्यांची तिकिटं एकत्र आहेत. सतरा म्हणजे सतरा. तारीख बदलत नाही, ठिकाणही बदलत नाही."

"बरं," तो उठला. झेललेला पासपोर्ट त्यानं चवडीवर अलगद ठेवला. "येतो मग, सतरा तारीख."

त्यानं ठेवलेलं हे नाव तिला तिथेच चिकटलं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता तो पुन्हा हजर. आपल्याला खिडकीजवळची जागा मिळेल का, असं विचारायला. तिसऱ्या दिवशी सामानाचं वजन. चौथ्या दिवशी म्हणे, विमानात पाय लांब करायला जागा असते का? पाचव्या दिवशी त्याला प्रश्नच सुचेना. काउंटरवर ते मोठाले हात ठेवून तो नुसता उभा राहिला. डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, सरळ होतच नव्हती.

"आज काय, तीन नंबर?"

"आज... आज पाटी सरळ लागली आहे का ते बघायला आलो."

पाटी तिरकी होती. गेले तीन दिवस ती मुद्दामच तिरकी लावत होती, आणि आतल्या खोलीत डबा न उघडता घड्याळाकडे बघत बसत होती. तिच्या साहेबांच्या हे लक्षात आलं होतं. "फुटबॉलचं एवढं वेड कधीपासून?" असं त्यांनी विचारलंही. ती गोरीमोरी झाली.

मग दोघं समोरच्या बाकावर बसून डबा वाटून खाऊ लागले. तिथेच त्यानं शेवटच्या बॉलची गोष्ट सांगितली. सराव संपताना गोल मारणारे खेळाडू एकेक फटका मारतात. एक आणि दोन नंबरचे गोलकीपर तोवर आंघोळीला गेलेले असतात. गोलमध्ये उभा तो. आणि कोचचा नियम असा, की प्रत्येकाचा शेवटचा बॉल तीन नंबरनं सोडायचा. मारणारा खूश होऊन घरी गेला पाहिजे.

"मुद्दाम?"

"उडी मारायची, पण पोचायचं नाही. तेही जमावं लागतं हो! सहा वर्षं सोडतोय. आता इतकं छान सोडतो, की कुणाला कळतही नाही."

तो हसत होता. तिला मात्र हसू आलं नाही. एका संध्याकाळी ती मैदानावर गेली आणि कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर त्यानं अकरा बॉल सोडले. प्रत्येक वेळी तो हात कुठे जाऊन थांबतो, ते तिला दिसलं. बॉलपासून वीतभर अलीकडे. घरी जाताना तिला वाटत राहिलं, की त्या वीतभर जागेत आपण काहीतरी ठेवून आलो आहोत.

घरी बाबा पेपर आपटत होते. ते या संघाचे चाळीस वर्षांचे भक्त, आणि भक्तानं देवाला शिव्या द्याव्यात तशा ते द्यायचे. "बचावात खिंडारं! पुढचे दोघे म्हातारे! गोलकीपरचं तर नावच नको!"

"तीन नंबरचा बरा आहे म्हणतात," ती म्हणाली.

"त्याला विचारतो कोण?" बाबा म्हणाले. आई तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

त्याच आठवड्यात तिच्या बदलीचं पत्र आलं. समुद्रापलीकडच्या शहरातली नवी शाखा, दोन वर्षं, वीस तारखेला हजर व्हायचं. हे तिनं स्वतःच मागितलं होतं, सहा महिन्यांपूर्वी, तेव्हा दुपारी दीडला काही घडत नसे. आता तिनं स्वतःच्या हातांनी स्वतःचं तिकीट काढलं. एकोणीस तारीख, सकाळचं विमान.

संघ निघायच्या तीन दिवस आधी, बाकावर, तिनं त्याला सांगितलं. त्यानं घास तसाच हातात धरला.

"एकोणीस," तो म्हणाला. मग बोटांवर मोजून, "म्हणजे मी सतराला येतो... सतराची संध्याकाळ आणि अठराचा दिवस. एवढे पुरतील ना?"

"कशाला?"

"बोलायला."

"आत्ता बोला की."

"आत्ता नाही. आत्ता बोललो आणि तुम्ही नाही म्हणालात, तर दोन आठवडे परक्या देशात बाकावर बसून मी काय करू?" तो कसंबसं हसला. "बरं झालं तुम्ही तिकीट खुलं नाही ठेवलंत. सतराच ठीक आहे. हरतोच आहोत आपण, सगळे म्हणतात तसं."

तो गेला. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. सतरा आणि अठरा, ते दोन दिवस तिनं मनातल्या मनात शंभर वेळा जगून घेतले. त्याला कुठे भेटायचं, काय घालायचं, तो काय म्हणेल, आपण किती वेळ गप्प राहायचं. पण अंथरुणावर पडल्या पडल्या तिला ते मैदान आठवलं, आणि वीतभर अलीकडे थांबलेला तो हात. एकेचाळीस जणांत एकट्या या माणसानं तारीख कोरी मागितली होती. आज तोच सतरा ठीक आहे म्हणाला होता. तिच्यासाठी तो आणखी एक बॉल सोडत होता, आणि तीही तो बॉल गोलमध्ये जावा म्हणून वाट बघत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

सकाळी तिनं संघटनेच्या कारकुनाला फोन लावला.

"परतीची तिकिटं बदलता येणारी करून घ्या."

"अहो, कशाला? सतराला येणारच आहेत सगळे."

"उद्या पेपरात आलं, की खेळायच्या आधीच संघटनेनं हरायची तारीख काढून ठेवली होती, तर?"

पलीकडे कागदांची सळसळ. मग घसा खाकरल्याचा आवाज. "करा, करा. लगेच करा."

निघायच्या आदल्या दिवशी तिकिटांचं पाकीट न्यायला तोच आला. तिनं पाकीट पुढे केलं, पण सोडलं नाही. दोघांच्या बोटांत ते तसंच राहिलं.

"सगळ्यांची तारीख आता बदलता येते," ती म्हणाली. "ठिकाणही. सतरा नुसती कागदावर आहे."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. "पण मग... ते दोन दिवस?"

"ते मला हवे आहेत. खूप हवे आहेत. तुमच्यापेक्षा जास्तच असतील." तिचा आवाज चिरकला, तशी ती थांबली. "पण असे नकोत. तुम्ही हराल म्हणून मिळालेले नकोत."

"मी तर खेळणारही नाही हो."

"तरीही."

त्याची वाकडी करंगळी तिच्या बोटाला हलकेच टेकली, एवढंच. मग त्यानं पाकीट घेतलं आणि पाटी सरळ करून निघून गेला.

त्यानंतरचे दिवस फार लांब होते. दीड वाजायचा, आणि बाक रिकामा असायचा. डब्यातलं अर्धं उरायचं. पहिला सामना संघ तीन गोलांनी हरला, शिवाय एक नंबरच्या गोलकीपरचा खांदा निखळला. बाबांनी टीव्हीवर चादर टाकली. दुसऱ्या सामन्यात कशीबशी बरोबरी झाली. बाबांनी चादर काढली. सोळा तारखेला संध्याकाळी तिच्या खोलीत अर्धी भरलेली बॅग उघडी पडली होती, आणि बाहेर तिसरा सामना चालू होता. जिंकलं तरच पुढे. समोरच्या बचावपटूच्या गुडघ्याला लागून बॉल त्यांच्याच गोलमध्ये गेला, आणि आपला संघ एक-शून्यनं पुढे गेला. स्वतः मारलेला नसला, तरी गोल तो गोल.

शेवटची दहा मिनिटं राहिली असताना दोन नंबरचा गोलकीपर हात धरून खाली बसला.

"संपलं!" बाबा ओरडले. "आता कोण? हा कोण आता?"

ती दारात आली. पडद्यावर तो हातमोजे चढवत होता. वाकडी करंगळी आत जाईना, त्यानं ती दुसऱ्या हातानं दाबून बसवली. तिच्या हातातली घडी केलेली साडी कधी गळून पडली तिला कळलंच नाही.

नऊ मिनिटं बॉल त्याच्याकडे फिरकलाही नाही. मग आला. अगदी शेवटचा, डाव्या कोपऱ्यात, खाली. तो झेपावला... आणि तिला ती उडी ओळखीची वाटली. हीच ती. आता हात वीतभर अलीकडे थांबणार.

"सोडू नकोस!" ती किंचाळली. "सोडू नकोस रे!"

हात थांबला नाही. बोटांची टोकं लागली, बॉल खांबावर आपटून बाहेर गेला. बाबा खुर्चीवरून उठून नाचायला लागले. त्यांनी आईला मिठी मारली, आईनं त्यांना ढकललं. मग बाबांचं लक्ष पोरीकडे गेलं. ती तोंडावर हात धरून रडत होती.

"तू ओळखतेस का गं याला?"

"त्याचं तिकीट मी काढलं होतं," ती म्हणाली.

आई हसली. बाबांना पुढे काय विचारावं सुचेना, म्हणून ते पुन्हा नाचू लागले.

सतरा तारीख उजाडली. ऑफिसात तिचा शेवटचा दिवस. साहेबांनी पेढ्यांऐवजी नुसतीच पाठ थोपटली. एकेचाळीस तिकिटं बदलायचं काम तिच्याकडेच आलं. संघाशिवायच सुटणारं ते विमान ती यादीत पुन्हा पुन्हा बघत राहिली. त्या विमानात तिचे दोन दिवस होते. ते तिनंच दिले होते, आणि पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा दिले असते. तरी दुखायचं ते दुखतच होतं.

दीड वाजता तिनं पाटी लावली. तिरकी. आणि टेबलावरचा फोन वाजला.

"सुट्टी आहे," ती सवयीनं म्हणाली.

"मी रांगेत आधीपासून आहे."

तिनं डोळे मिटून घेतले. पलीकडे खूप गलका होता, कुणीतरी गात होतं, भांडी वाजत होती.

"बोला, तीन नंबर."

"एक तिकीट बदलायचं होतं."

"एकेचाळीस बदलतेच आहे."

"ती बदला. पण त्यातल्या एकाचं... परतीचं ठिकाणही बदलता येतं म्हणाला होतात ना?" तो थांबला. गलक्यातूनही त्याचा श्वास ऐकू येत होता. "घरी नाही यायचं मला. समुद्रापलीकडे एक शहर आहे. तिथे वीस तारखेपासून एक नवी शाखा उघडते. तिथे एका खिडकीवर मला काहीतरी बोलायचं आहे."

कळफलकावर तिचे हात तसेच राहिले. दाराबाहेर रिकाम्या बाकावर ऊन पडलं होतं.

"काय बोलायचंय, ते मला माहीत आहे," शेवटी ती म्हणाली. "आणि माझं उत्तरही तयार आहे. घाबरू नकोस."

पलीकडून नुसता हसल्याचा आवाज आला, ओला.

डोळे पुसून तिनं त्याचं तिकीट उघडलं. ठिकाण बदललं. कर्सर पुढच्या चौकटीत जाऊन लुकलुकत राहिला.

"तारीख कोणती टाकू?"

"कोरी ठेव," तो म्हणाला. "आम्ही अजून हरलेलो नाही."