छताखाली छत्री

अंथुर्णे गावात पैजा लागतात त्या कुस्तीवर, नाहीतर बैलांवर. रतन आणि शेजारच्या सारजावैनीची पैज लागली ती एका पत्र्याच्या खोलीवर!

"खोलीत बर्फ दडवलाय त्या फिटरनं. लिहून घ्या," मेथीची जुडी बांधत रतन म्हणाली.

"न्हाय दडवला. हरलेलीनं बाजारात, भर गर्दीत, रामहरी फिटरचं नाव घ्यायचं. उखान्यात!"

"अवो वैनी, तुमाला नवरा हाय की!"

"म्हनून तर मी हरायची न्हाय."

रामहरी भवानीनगरच्या कारखान्यात फिटर. सहा महिन्यांपासून रतनच्या बापाच्या, गेणबाआबांच्या, मळ्याला लागून त्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायचा. पंखा नाही, वाळ्याचा पडदा नाही, तरी भर चैतात त्याची खोली गार. विहिरीचं पाणी मळ्यात जायच्या आधी छतातल्या नळ्यांतून फिरवतो, एवढंच तो सांगायचा. गेणबा तर असा भाळला, की गुरुवारी बाजार उरकला की रतनसाठी आलेल्या त्याच्या सोयरिकीला होकार द्यायचा म्हणून बसला.

रतन मात्र तिथंच अडून बसली. माणूस देखणा होता, ते तिनं कधीच चोरून बघून ठेवलेलं... पण पाणी छतात आणि गारवा खाली? जो खोलीबद्दल थापा मारतो, तो संसारात काय खरं बोलणार?

सोमवारी तिला पुरावा घावला. त्याच्या सदऱ्यावर लाकडाचा भुसा! बारामतीच्या सरबतवाल्याकडं बर्फाची लादी भुशातच तर गुंडाळलेली असते.

"सदऱ्याला काय लागलंय?"

त्यानं घाईघाईनं झटकलं.

"झटकलंत कशाला?"

"तुमी एवढं निरखून बघताय म्हनल्यावर..."

चोर सापडला! रतनला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही मेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारजावैनीला दारात उभी करून ती सरळ आत घुसली. खाटेखाली वाकली, ट्रंक उघडली, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घातला.

"पिठात बर्फ ठेवत्यात व्हय?" रामहरीनं विचारलं.

"तुमचा काय भरवसा?"

बर्फ कुठंच नाही. नवल म्हणजे दारातून येणारा वारा गरमच होता... आणि कपाळ मात्र गार. रामहरीनं खुंटीवरची छत्री काढून तिच्यापुढं धरली.

"उघडा. डोक्यावर धरा."

"घरात छत्री? अन् ती बी उन्हाळ्यात?"

"धरा तर."

तिनं धरली. मिनिटभरात कपाळ तापलं. मिटली— पुन्हा गार. तिनं तीनदा उघडमीट केली, चौथ्यांदा त्यालाही छत्रीखाली ओढलं.

"तुमाला बी लागतंय का गरम?"

"लय," रामहरी पुटपुटला. दारात सारजावैनी खोकली.

"गारवा वाऱ्यात न्हाय," तो म्हणाला. "अंगाची ऊब आपसूक गार छताकडं जाती. नळ्यांतलं पानी ती घेऊन मळ्यात उतरतं. छत्रीनं वाट अडवली, एवढंच."

"म्हंजी माझी ऊब आमच्याच मेथीला?"

"तुमची आजपास्नं. माझी... गेलं सहा म्हैनं."

रतननं छत्री फटकन मिटली. "अन् भुसा?"

"वरचं ऊन पान्यात उतरू नये म्हनून नळ्यांवर अंथरलाय. शिडी हाय बाहीर."

चढली की पोरगी! पत्र्याची कड उचलून कोपरापर्यंत हात घातला. वर भुसा चटका देणारा, तळाशी नळी गारेगार. खाली आली तेव्हा बाही भुशानं माखलेली.

"झटकू?" रामहरीनं विचारलं.

"हात लावायचा न्हाय... अजून."

गुरुवारी बारामतीच्या बाजारात मेथीचे ढीग लागले. रामहरी सायकलवरून मुद्दाम आलेला. सारजावैनी रतनच्या कानाला लागली.

"जाऊ दे बये, गमतीची पैज. कुवार पोरीनं नाव घेतलं की झालं, माघार न्हाय. सोडलं तुला."

"हरले ना? मग सोडताय कशाला?"

रतन मेथीची पाटी पालथी घालून तिच्यावर उभी राहिली. गेणबाच्या हातातला तराजू तसाच लोंबत राहिला.

"छतात खेळतं पानी, पत्र्यावर तापतं ऊन,
रामहरीरावांचं नाव घेते, पैज हरून!"

बाजारात जी आरोळी उठली! रामहरीच्या हातून सायकल सुटली ती सरळ भोपळ्यांच्या ढिगात.

"बघताय काय?" रतन पाटीवरून ओरडली. "आधी सांडलेले भोपळे उचला... अन् मग माझ्या आबांच्या पाया पडा!"