टोकाच्या घरातले ठोके

ही गोष्ट माझ्या सख्ख्या आत्याची आहे. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. विश्वास बसला नाही तर सोडून द्या, पण आधी पुरती ऐका.

साल १९६३. जानेवारी. इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमधलं आमचं ऑल्डकोम्ब गाव. त्या हिवाळ्यात इतका बर्फ पडला होता की घरांच्या खिडक्या बुजल्या होत्या.

हेस्टर आत्या गावातल्या धर्मादाय घरांत राहायची. चर्चला लागून दगडी घरांची ती एकच ओळ. लोकरीच्या कुणा व्यापाऱ्यानं गावच्या गरीब म्हाताऱ्यांसाठी कधीकाळी बांधलेली. मध्ये घंटेची कमान. कमानीच्या डावीकडे चार दारं.

उजवीकडे तीनच.

चौथं घर फार पूर्वी पडलं. कसं पडलं ते विचारलं की म्हातारी माणसं विषय बदलायची.

घरं जोडीजोडीनं बांधलेली होती. दोन घरांत मिळून एक धुरांडं. भिंतीतल्या दोन्ही चुली पाठीला पाठ लावून, मध्ये ओतीव लोखंडाचा जाड पत्रा. आत्या राहायची उजवीकडच्या तिसऱ्या, म्हणजे आता टोकाच्या घरात. तिच्या चुलीची जोडीदार चूल पडक्या घराबरोबर उघड्यावर आली होती. बाहेरून पाहिलं तर टोकाच्या भिंतीत एक काळं भगदाड दिसायचं, कुरणाकडे तोंड करून. वारा सुटला की मेंढ्या त्यात शिरून उभ्या राहायच्या.

अलीकडच्या दुसऱ्या घरात तिचा भाऊ, रुबेनकाका. या दोघांच्या मधली भिंत मात्र साधी, गिलाव्याची. तिथे चूल नाही की लोखंड नाही.

त्या ओळीत एक रीत होती. सकाळी उठलं की शेजाऱ्याच्या भिंतीवर दोन ठोके द्यायचे. जिथे चूल असेल तिथे निखारे ढोसायच्या सळईनं त्या पत्र्यावर, नसेल तिथे काठीनं. पलीकडून दोन ठोके आले की समजायचं, माणूस धडधाकट आहे. नाही आले, तर हातातलं काम टाकून धावायचं.

काकाची छाती पार खलास झाली होती. पुढचा झटका आला आणि वेळेत कुणी पोचलं नाही तर संपलं, असं डॉक्टरांनी आत्याला बजावलं होतं. तिचा जीव नुसता टांगणीला. मी तुझ्याकडेच झोपते म्हणून ती रोज मागे लागायची, आणि तो रोज उडवून लावायचा.

"बाई गं, आयुष्यभर दगडाच्या भिंती रचल्या मी. उशाशी बसून राहिलीस तर लाजेनंच मरेन. ठोका आला की समज, आहे म्हातारा अजून."

त्या संध्याकाळी आत्या चूल साफ करत होती. सळईला काजळी चिकटली होती. त्या ओळीत अवेळी लोखंडावर सळई कुणी झटकत नाही, उगाच पलीकडचा धावत येतो. पण आत्याच्या पलीकडे होतं कोण? तिनं खुशाल दोनदा आपटली.

टण्ण… टण्ण.

मग पलीकडून…

टण्ण… टण्ण.

"मेली मेंढरं," आत्या पुटपुटली. दिवा घालवून ती झोपायला गेली.

सकाळी तिला जाग आली ती ठोक्यांनीच. दोन ठोके, चांगले खणखणीत. तिला इतकं हायसं वाटलं की आवाज कुठून आला याचा तिनं विचारच केला नाही. हाताशी सळई होती, अर्धवट झोपेत सळईनंच चुलीच्या पत्र्यावर उत्तर दिलं. मग शाल गुंडाळून चहा घेत बसली. कित्येक दिवसांनी चहा गोड लागला, असं ती मला म्हणाली होती.

मध्येच कुठेतरी… धप्प.

छपरावरचा बर्फ घसरला असेल.

पुन्हा… धप्प. अगदी हलका. ती कान देणार, तेवढ्यात चुलीतून टण्ण टण्ण सुरू झालं. आज म्हातारा खुशीत दिसतोय, म्हणून तिनंही हसत उत्तर दिलं.

मिसेस पेगलर त्या घरांची देखरेख करायच्या. त्या पाव घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, रुबेनच्या धुरांड्यातून अजून धूर कसा नाही?

हातातला कप टाकून आत्या काकाच्या घरी धावली.

काका भिंतीपाशी जमिनीवर पडला होता. मुठीत काठी. भिंतीवर खाली, जमिनीलगत, गिलावा खरवडून निघालेला. श्वास चालू होता. पण बर्फातून डॉक्टर येणार कसे? आत्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तेव्हा तो एवढंच बोलला.

"मी ठोकत होतो, हेस्टर. तू दुसऱ्याच कुणाला तरी उत्तर देत बसलीस."

अंधार पडायच्या आत काका गेला.

दुसऱ्या दिवशी आत्या मिसेस पेगलरना घेऊन टोकाच्या भिंतीमागे गेली. कंबरभर बर्फ. त्यावर एक पाऊल नाही, एक खूर नाही. मेंढ्या तर नाताळाआधीच खाली गोठ्यात नेल्या होत्या.

भगदाडात मात्र बर्फ नव्हता. आत्यानं आतल्या दगडाला हात लावला.

कोमट होता.

मिसेस पेगलर म्हणाल्या, तुझ्याच चुलीची ऊब असणार, दुसरं काय. आत्यानं वाद घातला नाही. आदल्या दिवशी सकाळच्या चहानंतर तिची चूल पेटलीच नव्हती.

तिनं ते घर सोडलं आणि काकाच्या घरात राहायला गेली. तिसऱ्या घराला कुलूप लागलं.

वसंतात मी तिच्याकडे मुक्कामाला गेले. आत्या सुकून गेली होती. सकाळी उठून पाहते तर ती काकाची काठी हातात धरून त्या साध्या भिंतीपाशी उभी. मी काही विचारणार, तेवढ्यात तिनं तोंडावर बोट ठेवलं.

पलीकडून… त्या कुलूपबंद घरातून… दोन ठोके आले.

आत्यानं लगेच दोन ठोके दिले. तिचा चेहरा एकदम निवला.

"रुबेन आहे," ती म्हणाली. "आता तो पलीकडे आणि मी अलीकडे, एवढंच."

"आत्या, तो नसेल तर?" मी कसंबसं विचारलं.

"नसेल तर नसू दे. पण तोच असला आणि मी पुन्हा ऐकलं नाही, तर?"

मला काय ऐकू आलं ते मी तिला सांगितलंच नाही, आणि आजही ते मला खातं. कारण तिला ऐकू आलेला ठोका काठीचा होता. मऊ, गिलाव्यावरचा, भावाचा.

मी तिच्या शेजारीच उभी होते. त्या भिंतीत लोखंडाचा तुकडाही नाही.

मला ऐकू आलं ते… टण्ण… टण्ण.