आत

घंटाघर, कापडबाजार, जुना चौक ही नावं नकाशावरची. शहरातली माणसं मधल्या त्या सगळ्या गल्ल्यांना नुसतं 'आत' म्हणायची. "हे कापड आतून आणलं", "जरा आत जाऊन येतो". उरलेलं सगळं शहर म्हणजे बाहेर.

आत जाताना घरात एखादं काम अर्धं ठेवून निघायचं, असा तिथला रिवाज. पीठ अर्धवट मळून ठेवायचं, नाहीतर सुई टाक्यातच सोडायची. अर्ध्या कामाची ओढ माणसाला परत आणते म्हणे.

बाळाचा ताप हटत नव्हता आणि औषध फक्त आत मिळणार होतं. सून निघाली. पण बाई हाताची भारी नेटकी. भांडी घासली, दुपट्यांच्या घड्या घातल्या, बाळाला पोटभर पाजून निजवलं.

"अगं, काहीतरी अर्धं ठेव," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा लेक आहे की अर्धवट! तेवढा पुरे," म्हणत ती हसत जिना उतरली.

औषध लगेच मिळालं. ऊन होतं, दुकानं उघडी होती. घंटाघर मागे टाकून ती वळली, तर समोर घंटाघर. दुसरी गल्ली धरली, तरी तेच. मग तिच्या लक्षात आलं, आजूबाजूला माणसं चालतायत, पण एकाचंही पाऊल वाजत नाही. ओल्या चुन्याचा वास नाकात भरला. बाळ उठलं असेल, रडत असेल.

ती धावतच औषधवाल्याकडे परतली. "काका, बाहेर कुठून जायचं हो?"

"घरी काय अर्धं ठेवलंयस, पोरी?"

घासलेली भांडी, घड्या घातलेली दुपटी तिच्या डोळ्यांपुढे आली.

"काहीच नाही?" त्यानं मान खाली घातली. "मीही नव्हतं ठेवलं..."

तिनं घरी फोन लावला.

"आई, मी बोलतेय... मला वाट सापडत नाहीये..."

"कोण हवंय तुम्हाला?" सासूबाई कुजबुजल्या. "हळू बोला. बाळ आत्ताच निजलंय."

"आई, मी! तुमची सून!"

"सून मघाशीच आली. औषध पाजलंसुद्धा तिनं..."

औषधाची बाटली तिच्या मुठीत होती. झाकणाचं सीलही तुटलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी अगदी तिच्याच आवाजात विचारलं, "आई, कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही गं," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.