डावखुरी मूठ

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. ज्यांच्या बाबतीत घडलं ते मंदण्णा माझे चुलत सासरे. खोटं बोलायचा त्या माणसाला कंटाळा होता.

विराजपेटच्या पलीकडे आमचा कॉफीचा मळा आहे, तिथली ही गोष्ट. शिकारीवर बंदी यायच्या आधीची. कैलपोद, म्हणजे आमचा हत्यारांचा सण, तोंडावर आला होता. तो झाला की डुकराच्या शिकारीला निघायचं.

मंदण्णांना नवी सुरी हवी होती. बाजारातली नाही, स्वतःच्या हाताला बसेल अशी. ते दरीतल्या पोन्नू ऐरीकडे गेले. पोन्नू तिथला लोहार.

"जीपच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद आणलंय," मंदण्णा म्हणाले. "मूठ सांबरशिंगाची कर. आणि दारू उतरल्यावर कामाला बस."

"मग सण पुढच्या वर्षी करा, अण्णा," पोन्नू हसला.

त्यानं मऊ मेणाचा गोळा त्यांच्या उजव्या हातात दिला. मंदण्णांनी तो घट्ट दाबला. बोटांचे ठसे उमटले. झालं माप.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी ते सुरी आणायला गेले.

पातं सुरेख होतं. पण मूठ हातात धरली आणि...

बोटं खाचांत बसेनात.

उलटीकडून धरून पाहिली. मग लक्षात आलं. मूठ डाव्या हाताची होती.

"पोन्नू, हे काय केलंस?"

"तुम्हीच सांगितलंत की!" पोन्नू गोंधळला. "परवा तिन्हीसांजेला आलात. म्हणालात, डाव्या हाताची कर. नवं माप दिलंत."

"मी? परवा मी मडिकेरीत होतो."

पोन्नूच्या हातातला चिमटा खाली आला.

"आत या म्हटलं, तर आला नाहीत. दारातच उभे राहिलात. छत्री होती, तोंड दिसलं नाही. पण आवाज... आवाज तुमचाच होता, अण्णा."

मंदण्णांना राग आला. हा प्यायला असणार. नाहीतर कुणीतरी याला बनवलंय.

आणि त्यांच्या ओळखीत डावखुरा माणूस एकच. त्यांचा मेव्हणा, बेळ्यप्पा. थट्टेखोर, नकला करण्यात पटाईत. मंदण्णांचा आवाज तर हुबेहूब काढायचा.

सुरीला धार लावायची राहिली होती. "तशीच दे," म्हणत ती म्यानात घालून मंदण्णा तडक मेव्हण्याच्या घरी गेले.

"धर. तुझीच आहे ना?"

"भावजी, सणाची भेट? आज सूर्य कुठून उगवला?" बेळ्यप्पानं हसत डाव्या हातात सुरी घेतली.

हसू तिथंच थांबलं.

मुठीवरच्या खाचा लांबच लांब होत्या. त्याची बोटं निम्म्यातच संपत होती.

"भावजी..." तो हळूच म्हणाला. "एवढी लांब बोटं कुणाची असतात?"

मंदण्णांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. सोंग करत होता का? कळेना.

घरी आल्यावर त्यांनी सुरी बंदुकांशेजारी देवाच्या दिव्याच्या खोलीत ठेवली. सणाची पूजा होईपर्यंत त्या हत्यारांना कुणी हात लावत नाही. तरी त्यांनी दाराला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली. आणि बेळ्यप्पाला मुद्दाम मुक्कामाला बोलावून घेतलं. डोळ्यांसमोर असलेला बरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले. डुकराचं मटण आणि कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे. गप्पा चालू होत्या.

आणि आतून आवाज आला...

खर्र...

खर्र...

दगडावर पातं घासल्याचा.

मंदण्णांनी आधी बेळ्यप्पाकडे पाहिलं. तो समोरच होता. त्याचा घास हातातच राहिला होता.

मंदण्णा उठले. कुलूप जसंच्या तसं. त्यांनी दार उघडलं.

कुणी नाही. दिवा संथ तेवत होता. बंदुका जागेवर. सुरीही जागेवर.

त्या खोलीत धारेचा दगड नव्हताच.

त्यांनी पात्यावर अंगठा टेकवला, नुसता टेकवला... आणि रक्ताचा थेंब जमिनीवर पडला.

पूजा कशीबशी उरकली. संध्याकाळी पोन्नू सणाचा वाटा न्यायला अंगणात आला. मंदण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"खरं बोल. कुणाला सामील आहेस तू?"

"आईशप्पथ, अण्णा, कुणाला नाही!" पोन्नू म्हणाला. "पण... काल तो पुन्हा आला होता."

"कोण तो?"

"तुम्ही नव्हे. आता कळतंय मला. तुम्ही बोलताना श्वास घेता. तो घेत नव्हता."



"काय म्हणाला?" बेळ्यप्पानं विचारलं.

"म्हणाला, काम दाखव. मी दाखवलं. भाता कसा चालवायचा, पोलाद किती तापवायचं... सगळं बघून घेतलं. म्हणाला, पुढची मी स्वतः करीन."

"कुणासाठी?"

"विचारायचं धाडस झालं नाही."

पोन्नूचं वाक्य संपलं आणि खाली दरीत...

ठण्.

सगळ्यांनी माना वळवल्या.

ठण्... ठण्...

पोन्नूच्या भट्टीवरचा हातोडा. पोन्नू तर अंगणात उभा होता. त्यानं भट्टीच्या कुलुपाची किल्ली कमरेतून काढून दाखवली. 

"चल, बघू," मंदण्णा म्हणाले. पण पाय कुणाचाच उचलला नाही. त्यांचाही नाही. कुत्री ओसरीखाली जाऊन बसली होती.

अंधार पडला तरी ठोके चालूच होते. मग थांबले.

उजाडल्यावर सगळे मिळून खाली गेले. कुलूप लागलेलं. आत भट्टीतले निखारे लाल होते. ऐरणीवर हात ठेवला तर चटका बसला. कोपऱ्यातली पोलादाची एक पट्टी नव्हती.

त्या पट्टीची सुरी मात्र कुठेच सापडली नाही.

डाव्या मुठीची ती सुरी मंदण्णांनी बारपोळे नदीत टाकली. पोन्नू गाव सोडून मुलीकडे गेला. बेळ्यप्पानं नकला करणं सोडलं. त्याच्यावरचा मंदण्णांचा संशय मात्र कधी पुरता गेला नाही. मला वाटतं, त्यांना तो जाऊ द्यायचाच नव्हता. माणसावरचा संशय बरा वाटतो.

ही गोष्ट त्यांनी मला एका दुपारी कॉफी पिता पिता सांगितली. तेव्हा ते खूप थकले होते. सांगून झाल्यावर त्यांनी खाली दरीकडे पाहिलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"का गं... एव्हाना त्याची सुरी तयार झाली असेल ना?"