डाव्या बटणावरची पट्टी

नव्या कामगारांना शिकवायला व्हिडिओ करायचे ठरले, म्हणून योगिनी मॅडम निगडीच्या दुकानातून दोन कॅमेरे चाचणीला घेऊन आल्या. चाकणच्या त्या कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. पत्रा दाबून आकार देणारे प्रेस थंडावले होते, तेलकट पत्र्याचा वास तेवढा उरला होता.

"पस्तीस वर्षं आमी शिकवलं," साठीचा कोंडीराम गुरगुरला. "आता ह्ये डबडं शिकवणार. आमी भंगारात."

"काका, त्यात हात तुमचेच दिसणार. मेन स्विच बंद आहे. पत्रा कसा लावायचा, तेवढं दाखवा."

प्रेस नेमका सात नंबरचा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली, तरच तो खाली यायचा. म्हणजे हात आत सापडायची भीती नाही. पण माल भराभर निघावा म्हणून डावं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायची युक्ती कोंडीरामनंच हाताखालच्या ज्योतीरामला शिकवली होती. पट्टीचं टोक दुमडायचं, साहेब आला की ओढून काढायला. ज्योतीराम ह्याच प्रेसमध्ये सापडून गेला, तेव्हा चौकशीत कोंडीराम म्हणाला, "मला काय ठाऊक न्हाई. त्याचं त्यानं केलं." ठपका मेलेल्यावर बसला. ह्याची नोकरी राहिली.

कोंडीरामनं दोन्ही हात आत घालून पत्रा बसवला, हात मागे घेतले. दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलं.

पहिल्याच्या चित्रात डाव्या बटणावर नुसता करडा डाग होता.

"ह्योच घ्या," कोंडीराम घाईनं म्हणाला. "हलका हाय."

"धुरकट आहे हो. हा दुसरा बघा, नखातलं तेलसुद्धा दिसतंय. आणि बटणावरचा तुमचा हात किती स्पष्ट..."

कोंडीरामनं पाहिलं. त्याचे दोन्ही हात पत्र्यावर होते. बटणावरचा तिसरा हात पिवळ्या पट्टीचं टोक सावकाश दुमडत होता. मनगटावर गोंदलेलं होतं, यशोदा. ज्योतीरामची बायको.

"मॅडम... त्यो हात..."

"काय झालं त्याला?"

सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"काय न्हाई... माझाच हाय."

"मग हाच कॅमेरा. उद्या मेन चालू करून घेऊ." त्या जेवायला गेल्या.

कोंडीराम प्रेसपाशी गेला. बटणावर पट्टी होती. त्यानं ती ओढून काढली. खालचा चिकट भाग कोमट लागला. कॅमेऱ्याचा छोटा पडदा अजून चालूच होता. हात मागे घेतल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. पडद्यावर ते दोन्ही अजून आतच होते, डाव्या बटणावर पट्टी तशीच होती, आणि तिसरा हात उजव्या बटणाकडे सरकत होता.